गुहेतलं डायव्हिंग: ३२, हवा की ट्रायमिक्स? आणि टाक्या पाठीवर की बगलेत?

उथळपाणी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

समुद्रात दीडशेच्या आसपास डाइव्ह झाल्यात, नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं) कार्ड आहे. मागच्या वर्षी कॅव्हर्न कोर्स केला, म्हणजे गुहेच्या तोंडाचा उजेड दिसतो तिथवरच आत जायचं. आता मी आणि माझा बडी (डाइव्हमधला जोडीदार) पूर्ण केव्ह कोर्सला निघालोय. आधी मेक्सिकोतले सेनोटे (पाण्याने भरलेल्या गुहा, १० ते १५ मीटर), मग फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्ज (झऱ्याची गुहा, ३० मीटर).

वायूबद्दल तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यात. इन्स्ट्रक्टर म्हणतात, सगळीकडे नायट्रॉक्स ३२ घ्या आणि विसरून जा. एक मित्र म्हणतो, ३० मीटरला गुहेत हेलियमशिवाय (म्हणजे ट्रायमिक्सशिवाय) जाणं मूर्खपणा आहे. दुसरा म्हणतो, १५ मीटरला साधी हवा चालते, कशाला नखरे. साहित्याचंही तेच. मी पाठीवर जोड-टाक्या घेऊन शिकलो, आता ज्याला त्याला साइडमाउंट (टाक्या बगलेत) हवंय.

गणित मी करून ठेवलंय. १२ लिटरच्या दोन टाक्या, २०० बार, म्हणजे ४८०० लिटर. नियम असा की तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा अडचणीसाठी राखीव; तिसरा हिस्सा १६००. माझा श्वास पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर, ३० मीटरला दाब चौपट, म्हणजे ८०. आत जायला २० मिनिटं मिळतात. बडीच्या टाक्या साधारण अशाच आहेत. बरोबर आहे ना?

बुडबुडा
साधारण अशाच म्हणजे?

कोरडा_पाषाण
गुहा बघायची तर कोरडी बघा की राव. तिथे श्वास फुकट असतो.

चकवा
तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा बडीशी भांडायला. नियम मला पटला.

निवांत_कासव
चकवा, तोंडात रेग्युलेटर (श्वासाची तोटी) असताना भांडता येत नाही. या छंदातलं निम्मं सुख तेच आहे.

उथळपाणी, तुमचे इन्स्ट्रक्टर बरोबर सांगतायत, पण कारण सांगत नाहीयेत. ३२ म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन. ऑक्सिजनचा आंशिक दाब (त्याचा वाटा गुणिले तिथला दाब, फार वाढला की विषारी) १.४ धरला तर कमाल खोली ३३ मीटर, १.६ धरला तर ४०. तुम्ही जाताय ती बहुतेक ठिकाणं या चौकटीत बसतात. १५ मीटरला हवा चालते हेही खरंच. पण गुहेत एकेक डाइव्ह तास-सव्वा तासाची होते, दिवसाला दोन-तीन, सहा दिवस. नायट्रोजन साठत जातो. शिवाय डोक्यावर दगड. वर जायचं तर आधी आडवं पोहून तोंडापर्यंत यावं लागतं. ३० मीटरला ३२ घेतलं तर नायट्रोजनच्या हिशेबाने तुम्ही हवेवर साधारण २४ मीटरला असल्यासारखे असता. तेवढी सवलत मिळत असेल तर का सोडायची?

आणखी एक. सगळ्यांच्या टाकीत एकच वायू असला की गोंधळ कमी. कोणाची टाकी कोणाच्या तोंडात गेली तरी कमाल खोली तीच.

हेलियमराव
मूर्खपणा म्हणणारा मित्र मीच असेन अशी शंका येतेय, पण बाजू मांडतो.

सगळे खोलीवर नायट्रोजनने येणाऱ्या नशेबद्दल बोलतात, वायूच्या घनतेबद्दल कोणी बोलत नाही. अलीकडची शिफारस अशी की श्वासाच्या वायूची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ ओलांडू नये. ३२ ची घनता ३० मीटरला ५.२ भरते. म्हणजे तुम्ही आरामाच्या हद्दीवर उभे आहात, आणि अजून पाय मारायला सुरुवातही केलेली नाही. जिनीत डेव्हिल्स इअरमधून आत जाताना समोरून पाण्याचा लोंढा येतो. तिथे माणूस खडकाला बोटं अडकवून स्वतःला ओढत नेतो. वायू जड, कष्ट जास्त, मग कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साठला की धाप लागते, धाप लागली की अजून साठतो. ३०-३० घेतलं (३० टक्के ऑक्सिजन, ३० टक्के हेलियम) तर त्याच खोलीला घनता ४ च्या खाली येते. डोकंही साफ राहतं.

डेव्हिड शॉचं प्रकरण माहीत असेलच. जानेवारी २००५, दक्षिण आफ्रिकेतलं बुशमन्स होल, २७० मीटर. तिथे दहा वर्षं पडून असलेला एका तरुण डायव्हरचा मृतदेह वर आणायला तो गेला आणि स्वतःच राहिला. दोरीत गुंतला, झटापट केली, कार्बन डायऑक्साइड साठला. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात श्वासाचा आवाज आहे. मी एकदा ऐकला, परत ऐकणार नाही.

निवांत_कासव
हेराव, शॉ २७० मीटरला होता, तेही रीब्रीदरवर (सोडलेला श्वास गाळून परत देणारं यंत्र), आणि हेलियम त्याच्याकडे भरपूर होता. आमचा माणूस ३० मीटरला कोर्स करायला चाललाय. उदाहरण अंगावर येतं, पण मापात बसत नाही.

हेलियमराव
मापाबद्दल मान्य. मुद्दा सोडत नाही. ४० च्या खाली मात्र वादच नको. ४५ ला २१/३५ (ऑक्सिजन/हेलियम), ६० ला १८/४५. हवेवर ४५ मीटर आणि गुहा हे एका वाक्यात बोलू नये.

वाचनमात्र_१
डायव्हिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारते. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून मुलांना काढलं तेव्हा त्यांना ८० टक्के ऑक्सिजन दिला होता असं वाचलंय. मग तुम्ही ३२ वरच का अडलाय?

दोरीवाली
छान प्रश्न विचारलात. विषारी टक्का नसतो, आंशिक दाब असतो. तिथले पाण्याने भरलेले टप्पे उथळ होते. समजा ५ मीटर, म्हणजे दीड बार. दीड गुणिले ०.८, झाले १.२. सुरक्षित. मुलं भूल दिलेल्या अवस्थेत होती, पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे लावलेले होते, ऑक्सिजन जितका जास्त तितका मेंदूला आधार. हेच ८० टक्के ३० मीटरला घेतलं तर ३.२ होतात. झटके येतात, तोंडातून रेग्युलेटर निसटतो आणि पाणी आत जातं. झटक्याने मरत नाही माणूस, बुडून मरतो.

त्याच मोहिमेत ६ जुलैला समन गुनान हा थाई नौदलाचा माजी डायव्हर गेला. पुढच्यांसाठी वाटेत सिलिंडर ठेवून परत येत होता.

आता उथळपाणी, तुमच्या गणिताकडे येते. कोणीच बोट ठेवलं नाही म्हणून लांबण लावतेय.

बेरीज बरोबर आहे. फक्त तिसऱ्या हिश्शाचा नियम जेमतेम पुरतो हे बघा. २० मिनिटं आत गेलात, प्रत्येकी १६०० लिटर संपले, सगळ्यात लांबच्या जागी बडीचा सगळा वायू गेला. तुमच्याकडे ३२००. दोघांना बाहेर यायला १६०० अधिक १६००. उरले शून्य. तेही दोघं जाताना जितक्या शांतपणे श्वास घेत होते तितक्याच शांतपणे येताना घेतील असं धरून! ज्याच्या तोंडातला वायू आत्ता संपलाय तो २० लिटरने श्वास घेईल? दोघांचे ३० धरा. ३० मीटरला मिनिटाला २४० लिटर होतात. ३२०० लिटर १३ मिनिटांत संपतील. गुहेचं तोंड २० मिनिटांवर आहे.

म्हणून मी कोर्सच्या काळात आणि नव्या गुहेत चौथा हिस्सा वापरते. १२०० लिटर आत, १५ मिनिटं. लांबच्या टोकाला बडीचा वायू गेला तर माझ्याकडे ३६०० उरतात, भागिले २४०, पुन्हा १५ मिनिटं. म्हणजे घाबरलेल्या दोन माणसांना पुरतील एवढे. गाळ उठला आणि वेग निम्म्यावर आला तर हेही कमीच.

बुडबुडा
बडीच्या टाक्या किती लिटरच्या?

कुशीवाला
दोरीवाली ताई, जिनीसाठी चौथा हिस्सा म्हणजे अती होतंय. तिथे प्रवाह बाहेरच्या दिशेने आहे. जायला २० लागली तर यायला १२ पुरतात, पाणीच ढकलत आणतं. तिसऱ्या हिश्शात आपोआप शिल्लक राहते.

दोरीवाली
जिनीपुरतं मान्य. सवय म्हणून अमान्य. जिनीवर हात बसलेला माणूस मग प्रवाह नसलेल्या पीकॉकच्या गुहेत जातो आणि तोच हिशेब धरतो. प्रवाह आत ओढणारी गुहा असली तर संपलंच, तिथे तिसरा हिस्सा म्हणजे परतीचं तिकीट न काढता गाडीत बसणं.

सेनोट्यांत उलटी फसगत होते. १२ मीटरला तुमचा वापर मिनिटाला ४४ लिटर. त्याच १६०० लिटरमध्ये ३६ मिनिटं आत जाता येतं. उथळ आहे म्हणून माणूस निर्धास्त, आणि तोंडापासून दुप्पट लांब.

चकवा
हे वाचून मी अंघोळीला बादलीच बरी असं ठरवलंय.

लूपमास्तर
सगळे ओपन सर्किटमध्ये (टाकीतून श्वास घ्या, बुडबुडे सोडून द्या) का अडकलेत कळत नाही. रीब्रीदर घ्या. तासन् तास गॅस, बुडबुडे नाहीत म्हणून छताचा गाळ पडत नाही, हेलियमही नावाला लागतं.

निवांत_कासव
मास्तर, कॅव्हर्न झालेल्या माणसाला रीब्रीदर म्हणजे सायकल शिकणाऱ्याला विमानाची किल्ली. सेन्सर मेला, कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना संपला, लूपमध्ये (श्वास फिरवणाऱ्या नळ्यांत) पाणी शिरलं, यातलं काहीही झालं तरी बाहेर यायला ओपन सर्किटच्याच टाक्या लागतात. म्हणजे वरचं सगळं गणित करायचंच, वर मशीन सांभाळायचं. धागाकर्त्याच्या प्रश्नात रीब्रीदर नाही, तो वेगळ्या धाग्यात काढा.

कुशीवाला
साहित्याकडे वळू या? नावातच पक्ष आहे, तरी प्रामाणिकपणे लिहितो.

बगलेतल्या टाक्यांचा मोठा फायदा म्हणजे व्हॉल्व डोळ्यांसमोर असतात. बुडबुडे कुठून येतायत ते दिसतं, हात लगेच जातो. पाठीवरच्या मंडळींनी मानेमागे हात नेऊन चाचपडायचं. सेनोट्यांतल्या बुटक्या वाटांत पाठीवरच्या टाक्या छताला घासतात. ते सुळके तयार व्हायला हजारो वर्षं लागलीत, हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. टाकीच्या एका धक्क्याला तुटतात.

तोटे: दोन टाक्या स्वतंत्र, म्हणून वापर समान ठेवायला रेग्युलेटर सारखा बदलावा लागतो. मी दर ३० बारला बदलतो. आणि एका टाकीचा रेग्युलेटर बिघडला तर त्यातला वायू सहजी हाताशी येत नाही.

उथळपाणी
@कोरडा_पाषाण, बघा, या गुहा एकेकाळी कोरड्याच होत्या. तुम्ही उशीर केलात.

@कुशीवाला, पाठीवरच्या जोडीत मॅनिफोल्ड (दोन टाक्या जोडणारी नळी) असतो, एक बाजू बंद केली तरी दोन्ही टाक्यांतला वायू दुसऱ्या रेग्युलेटरमधून घेता येतो. मला तोच आधार वाटतो. चुकतोय का?

पाठराखण
चुकत नाही, पण मॅनिफोल्डवाल्यांनी हे ऐकून ठेवा. हे माझ्याच बाबतीत घडलंय.

एका बुटक्या बोगद्यातून जात होतो. पोट गाळाला लागू नये म्हणून छताला चिकटून. टाक्या दोन-तीन ठिकाणी घासल्याचा आवाज आला, दुर्लक्ष केलं. पुढे तळ खोल गेला, मी बुडायला लागलो, इन्फ्लेटरचं (तरंगायच्या पिशवीत हवा भरायचं) बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नुसतं टक्. मला वाटलं होज सुटली. गळ्यातला बॅकअप रेग्युलेटर तोंडात घातला तर अर्धा श्वास आला आणि थांबला, जसं कोणी पेला तोंडाला लावून हिसकावून घ्यावा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डाव्या व्हॉल्वची मूठ छताला घासून फिरत फिरत बंद झाली होती. पुढे जाताना उजवी मूठ घासली तर उघडण्याच्या बाजूला फिरते, डावी बंद होण्याच्या. बॅकअप आणि इन्फ्लेटर दोन्ही डावीवर. म्हणजे दहा मिनिटं मी बॅकअप नसलेला माणूस होतो आणि मला पत्ताच नव्हता. त्या वेळी बडीला वायू लागला असता तर मी नियमाप्रमाणे तोंडातला लांब होजचा त्याला दिला असता आणि स्वतः गळ्यातला घेतला असता. पुढचं तुम्हीच समजा.

हात मागे नेला, मूठ चार-पाच वेढे उघडली, सगळं सुरू. तेव्हापासून छताला टाकी लागली की लगेच हात मागे जातो. खोलीत कपाटाच्या दाराला पाठ लागली तरी जातो, बायको हसते.

चकवा
सदस्यनाव आत्ता कळलं.

नवखी_मासोळी
लांब होज म्हणजे किती लांब? माझी नेहमीची आहे.

पाठराखण
२.१ मीटर. अरुंद जागी दोघांना शेजारी पोहता येत नाही, एकामागे एक जावं लागतं. नेहमीच्या होजने फार तर मिठी मारता येईल.

दोरीवाली
बाकी साहित्य थोडक्यात. दिवे तीन, एक मुख्य आणि दोन बॅकअप, बॅकअप त्या दिवशी पेटवून पाहिलेले. दोरी गुहेच्या तोंडाबाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून सलग. कटर दोन, कोणत्याही हाताला सापडतील असे. जास्तीचा मास्क खिशात. स्नॉर्कल काढून टाका, त्यात फक्त दोरी अडकते. लोंबकळणारी प्रत्येक गोष्ट कमी करा.

माझी कसोटी एकच. डोळे मिटून ती वस्तू काढता, वापरता आणि परत ठेवता येते का? गाळ उठला की दिवा म्हणजे तोंडासमोर धरलेली पांढरी भिंत. बोटं दोरीभोवती गोल धरायची, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर, ढकललं की चल, दाबलं की थांब. वाटेत दोरीवर प्लास्टिकचा बाण लागतो, अंगठ्याने त्याचं टोक चाचपायचं. टोक बाहेरची दिशा सांगतं. पहिल्यांदा अंधारात तो बाण हाताला लागला तेव्हा मला रडू आलं होतं, आणि तो कोर्समधला सराव होता, डोळ्यांवर फक्त काळा मास्क.

कोरडा_पाषाण
हे सगळे नियम बसवले कोणी?

निवांत_कासव
मूळ शेक एक्सली या अमेरिकन डायव्हरने. गुहांमध्ये मेलेल्यांचे अहवाल घेऊन बसला आणि प्रत्येक अपघातात काय चुकलं ते काढलं. सलग दोरी नव्हती, वायूचा तिसरा हिस्सा राखला नव्हता, प्रशिक्षणापेक्षा खोल गेले होते. प्रशिक्षण आणि दिव्यांचे मुद्दे नंतर जोडले गेले. तो स्वतः ६ एप्रिल १९९४ ला मेक्सिकोतल्या झाकातोनमध्ये गेला, हजार फुटांखाली जायच्या प्रयत्नात.

जिनीत एक गमतीचा नियम आहे. गुहेचं प्रशिक्षण नसलेल्यांना डेव्हिल्सच्या बाजूला दिवा न्यायचीच बंदी. दिवा नाही तर मोहही नाही. आणि आत यमदूताचं चित्र असलेली पाटी, त्यावर लिहिलेलं की या गुहेत जीव द्यावा असं काहीही नाही.

बुडबुडा
तिसऱ्यांदा विचारतो. बडीच्या टाक्या?

पाणसर्प
३२ च्या बाजूने सगळे बोलले, पण ते ३२ आहे हे कोण सांगतं? एका ठिकाणी (नाव नको) मला भरून दिलेल्या टाकीवर छान अक्षरात '३२' लिहिलं होतं. विश्लेषक (ऑक्सिजनचा टक्का मोजणारं यंत्र) लावला, ४८ दाखवलं. वाटलं सेन्सर गेला. हवेवर परत २०.९ ला बसवला, पुन्हा लावला, ४८. भरणारा म्हणाला, "अहो, कालची टेप राहिली असेल." ३० मीटरला १.९ झाले असते. टाकी परत केली. तेव्हापासून दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर मी श्वास घेत नाही. स्वतः मोजायचं, टेपवर टक्का, कमाल खोली, तारीख आणि आपली सही.

हेलियमराव
+१. डेकोसाठी (वर येताना थांबून साठलेला वायू सोडायला) ऑक्सिजन नेणाऱ्यांनी तर दुप्पट. तो ६ मीटरला गुहेच्या तोंडाशीच ठेवून आत जा. आत नेलाच नाही तर चुकून खोलवर तोंडात जाणार नाही.

अवांतर: ड्रायसूटमध्ये ट्रायमिक्स भरू नका. हेलियम उष्णता चटकन वाहून नेतो. मी एकदा भरलं होतं. दात अजून वाजतायत.

उथळपाणी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलं ते असं: दोन्हीकडे ३२, स्वतः मोजून. हेलियम या फेरीत नाही, ४० च्या खाली जायची वेळ येईल तेव्हा (हेलियमराव, रागावू नका). टाक्या पाठीवरच, पण डाव्या मुठीवर लक्ष ठेवून. चौथा हिस्सा, म्हणजे ५० बार, १५० ला वळणार.

@बुडबुडा, बडीला विचारून सांगतो.

अकरा_लिटर
आजच सदस्य झालो. मी तो बडी. विचारायची गरज नव्हती, दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. माझ्या टाक्या ११ लिटरच्या आहेत आणि मी साइडमाउंटवर आहे.

बुडबुडा
:)

दोरीवाली
अरे देवा. मग सगळं परत मांडा. बडीकडे २२ गुणिले २००, म्हणजे ४४००. जुन्या हिशेबाने तुम्ही १६०० वापरून आत गेला असतात आणि तिथे तुमचा वायू गेला असता, तर त्याच्याकडे (स्वतःचा तिसरा हिस्सा, १४६६, वापरून) उरले असते २९३४ आणि दोघांना लागले असते ३०६६. शांत श्वास धरूनही १३२ लिटर कमी.

लहान साठा ठरवतो. ४४०० चा चौथा हिस्सा ११००. बडीला ते ५० बार पडतात, तुम्हाला ४५. तुम्ही १५५ ला वळा, तो १५० ला, जो आधी पोचेल त्याने अंगठा दाखवायचा (म्हणजे बस, परत फिरा). ३० मीटरला १३ मिनिटं होतात. आणि बगलेत टाक्या असलेला जिथून सरपटत जाईल तिथून पाठीवरचा जात नाही, तेव्हा अशा भोकांत बडीने एकट्याने शिरायचं नाही.

उथळपाणी
२० मिनिटांची १३ झाली. मान्य. १५५.

अकरा_लिटर
माझी १५०, टेपवर लिहून ठेवतो. विश्लेषक या वेळी तू आण, मागच्या वेळी माझाच होता आणि तू तो ओल्या पिशवीत टाकला होतास.